तेराव्या महिन्याचं व्याज

मी लोड. गादीवर मांडतात तो, पाठीमागचा. मऊ दिसतो म्हणून मला कोणी बिनडोक समजू नये. मला डोकं नाही हे खरं, पण आजवर इतक्या पाठी माझ्यावर टेकल्या आहेत की माणसं ओळखण्यात मी कुणाला हार जाणार नाही. माणूस तोंडाने हसतो तेव्हा त्याची पाठ काय करत असते, ते फक्त मला ठाऊक असतं.

माझा कापूस प्रकाशा गावाकडचा, तापीकाठच्या काळ्या रानातला. सुरतेची आगगाडी नंदुरबारला येऊ लागल्याला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. गावात नवीन जीन निघालं होतं. तिथे माझी सरकी निघाली, मग पिंजाऱ्याने धनुकलीवर मला असं काही झोडपलं की विचारू नका. त्या माराने मी फुगलो, आणि तो फुगलेपणा अजून थोडा शिल्लक आहे. उत्तमचंदशेठचं नवं लग्न झालं होतं. त्यांच्या झमकूबाईंनी मांजरपाटाचा अभ्रा शिवला, मला त्यात कोंबलं, दोन्ही टोकांना नाड्या आवळल्या आणि दुकानात पाठवून दिलं.

दुकान धान्याचं आणि कापसाचं. वाडवडील मारवाडातून आलेले. घरात मारवाडी, पण बाजारात सगळा कारभार अहिराणीत. पुढे पुढे घरातही अहिराणीच शिरली, कारण लालचंद नावाचा मुलगा बाहेर जे ऐकायचा तेच घरात बोलायचा.

गादीवर माझा थाट होता. शहाद्याचा गुजर शेतकरी यायचा, तो नुसता कडेला टेकायचा. नवापूरचा लाकडाचा व्यापारी रेलून बसायचा आणि माझ्यावर तेलाचा डाग ठेवून जायचा. सरकारी माणूस आला की शेठ स्वतः पुढे सरकून मला त्याच्यामागे द्यायचे. सरकारी पाठ ताठ असते असं लोक समजतात. माझा अनुभव उलटा आहे. ती आल्याबरोबर सैल होते आणि चहा येईपर्यंत उठत नाही.

ताठ व्हायची ती आमच्या शेठची पाठ, आणि तीही वर्षातून एकदाच. उन्हाळा तोंडावर आला की इन्कमटॅक्सचा फॉर्म यायचा. मुनीम हिशेब काढून द्यायचे, गावातले वकीलसाहेब फॉर्म भरायचे आणि शेठ बोट ठेवलं असेल तिथे सही करायचे. पोतंभर ज्वारीत मूठभर खडे आहेत की नाहीत, हे नुसत्या आवाजावरून सांगणारा माणूस. पण त्या कागदापुढे त्यांची पाठ लाकडासारखी व्हायची. मला त्यांची कीव यायची आणि थोडा रागही यायचा. आपलंच उत्पन्न, आपल्यालाच भीती.

मग शेठ थकले. गुडघे कुरकुरू लागले. लालचंद हुशार निघाला होता. त्याने पेढी सुरतेला हलवली आणि नंदुरबारच्या दुकानात मेज-खुर्च्या आणल्या. गादी गेली. मला माळ्यावर टाकलं, तिथे एका उंदरीणबाईने माझ्या डाव्या टोकात संसार थाटायला सुरुवात केली. शेठ दुकानातून अंग काढून घ्यायचं म्हणून किल्ल्या द्यायला आले, तेव्हा त्यांनी नव्या खुर्चीवर एकदा बसून पाहिलं, उठले आणि विचारलं, "मन्हा लोड कोठे शे?" चाळीस वर्षांच्या दुकानातून त्यांनी घरी नेलेली वस्तू म्हणजे मी. तो दिवस मी विसरणार नाही.

घरी ओट्यावर गादी पडली, मी पुन्हा पिंजून निघालो. शेठचं उत्पन्न आता दोनच ठिकाणचं होतं. स्टेशनजवळच्या गोदामाचं भाडं, आणि लालचंदच्या पेढीत ठेवलेल्या रकमेचं व्याज. मुनीम पेढीबरोबर सुरतेला गेले होते. आणि फॉर्म मात्र वाट चुकला नाही, नेमका ओट्यावर येऊन पडला.

लालचंद तेव्हा घरीच आला होता. वाईट मुलगा नव्हे. आईबापांचं म्हातारपण इथे एकट्याने चाललंय हे त्याच्या मनाला लागायचं. फक्त त्याची माया हुकूम दिल्यासारखी बाहेर पडायची. तो म्हणाला, कागद वकिलांकडे देतो, आणि तुम्ही दोघं सुरतेला चला.

"मी सोता भरसू," शेठ म्हणाले.

"तुम्ही? बापूजी, तो काय बाजरीना भाव शे?"

शेठची पाठ माझ्यावर टेकलेली होती. ती एकदम गरम झाली. सुरतेचं घर त्यांनी पाहिलं होतं. तिसऱ्या मजल्यावर, खाली उतरायला सोबत लागणार, दारात कोणी हाक मारणारं नाही. झमकूबाई तर दोन दिवसांत तिथून कंटाळून परत आल्या होत्या. आणि मी? तिसऱ्या मजल्यावर लोड कोण नेतो?

बोलता बोलता बापलेकांत पैज ठरली, धुळ्याच्या इन्कमटॅक्स कचेरीच्या कागदावर. लालचंद म्हणाला, "धुळानी कचेरीतून चूक काढेल एक बी कागद उना, ते तुम्ही दोन्ही जन सुरतले चला. मंग काही बोलानं नही."

"आनि नही उना ते?"

"मंग मी सुरतनं नाव परत नही काढस."

शेठ "बरं" म्हणाले. दाराआड उभ्या असलेल्या झमकूबाईंनी सगळं ऐकलं, आणि त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं.

आता त्या फॉर्मची गोष्ट ऐका. तो मराठीत होता. पण असली मराठी नंदुरबारच्या बाजारात कोणी बोलत नव्हतं. एकेक वाक्य आगगाडीएवढं लांब, आणि क्रियापद सगळ्यात मागच्या डब्यात. शिवाय शेठचा हात महाजनी अक्षराचा. त्यात काना नाही, मात्रा नाही. लिहिणाऱ्यालाही दुसऱ्या दिवशी अंदाजाने वाचावं लागतं. बाळबोध अक्षर ते वाचायचे ते बैलगाडीच्या चालीने. झमकूबाईंना मात्र रोज पोथी वाचायची सवय. त्यांचं बाळबोध वाचन भरभर चालायचं. तेव्हा त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहायच्या आणि वाक्य वाचायच्या. शेठ गादीवर बसून त्याचा अर्थ लावायचे. अर्थ लागला नाही की त्या वाक्य पुन्हा वाचायच्या, या वेळी जरा रागाने.

"'पूर्वगत वर्ष' म्हंजे काय व्हई?" शेठनी विचारलं.

"आपली दिवाई ते दिवाई. दुसरं काय ऱ्हाई?"

आणि ते बरोबर होतं. खाली बारीक अक्षरात सूचना होतीच की ज्याच्या वह्या जशा चालतात तसं वर्ष त्याने धरावं. ती सूचना सापडली तेव्हा शेठनी मांडीवर थाप मारली. वकीलसाहेबांनी इतकी वर्षं हे आपल्याला सांगितलं नाही, असं ते म्हणाले. अर्थात शेठनीही कधी विचारलं नव्हतं.

पहिल्या दिवशी त्यांनी मला पुढे घेऊन माझ्यावरच कागद ठेवला आणि लिहायला लागले. टाकाचं टोक कागदातून आरपार माझ्या पोटात शिरलं. अजून तिथे शाईचा ठिपका आहे. मग झमकूबाईंनी जेवणाचा पाट आणून दिला आणि मला माझ्या जागी पाठवलं. शेठ एकेक अक्षर काढत होते, शाळेत घातलेल्या पोरासारखं, जीभ दातांत धरून. सूर्य कलला की कागद बंद, कारण दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण असायचं. असं करत करत एका दुपारी फॉर्म पुरा झाला. भाडं लिहिलं, व्याज लिहिलं, गोदामाच्या दुरुस्तीचा खर्च कुठे वजा करायचा तेही सापडलं. खाली सही केली. या वेळी कोणी बोट ठेवून जागा दाखवली नव्हती.

शेठ स्वतः पोस्टात जाऊन आले. घरात गोड लापशी झाली. त्यांनी माझ्यावर पाठ टाकली आणि जांभई दिली. इतक्या वर्षांत फॉर्मच्या दिवसांत त्यांनी दिलेली ती पहिलीच जांभई.

चूक मात्र झाली होती. आणि ती चूक अशी, की ती त्यांच्यासारख्या माणसाच्याच हातून व्हावी.

त्या साली अधिक भाद्रपद पडला होता. धोंड्याचा महिना. दिवाळी ते दिवाळी वर्ष धरणाऱ्याला त्या साली तेरा महिने, आणि व्याजही तेरा महिन्यांचं. पण उत्तमचंदशेठच्या घरात वडिलांपासूनची रीत होती की अधिक महिन्याच्या व्याजाला हात लावायचा नाही. ते देवाचं. त्यातून उन्हाळ्यात प्रकाशाच्या रस्त्यावर परब लावायची. परब म्हणजे पाणपोई. झापाचं छप्पर, चार रांजण आणि पाणी वाढायला एक बाई. सातपुड्यातून मजुरीला निघालेली माणसं, प्रकाशाला तापीच्या स्नानाला जाणारे, सगळे तिथे थांबायचे. देवाचा पैसा आपल्या उत्पन्नात कसा धरायचा? शेठच्या मनात शंकासुद्धा आली नाही. त्यांनी बारा महिन्यांचं व्याज लिहिलं आणि मोकळे झाले. दुकान होतं तेव्हा मुनीम आणि वकील हे आपसांत काय ते निस्तरत असतील. शेठना त्याचा पत्ताच नव्हता.

त्या उन्हाळ्यात परबीवर रूपलीबाई बसायची. धडगावकडची, अंगाने उंच आणि बोलायला कमी. एका सकाळी ती पाणी वाढायचा नवा डोया मागायला ओट्यावर आली. झमकूबाईंनी तिला सहज विचारलं, गर्दी किती असते.

"भलती ऱ्हास," रूपलीबाई म्हणाली. "हाई पानी कोन्हं शे, आसं जो तो इचारस. मी सांगस, उत्तमचंदशेठनं शे. मंग त्या हात जोडतस."

शेठ खूश झाले. पाठीवरून मला कळलं. रूपलीबाई डोया घेऊन गेली. झमकूबाई मात्र चौकटीतच उभ्या राहिल्या.

"लालचंदना बा, एक गोट इचारू का?"

"इचार ना."

"परबवर लोके पानी पेतस, मंग नाव कोन्हं लेतस?"

"आपलं लेतस. दुसरं कोन्हं लेतीन?"

"आनि पुन्य कोन्हं?"

"आपलंच."

"नाव आपलं, पुन्य आपलं, मंग पैसाच तेवढा देवना कसा व्हयना?"

 माझ्यावर टेकलेली शेठची पाठ हळूहळू सुटी झाली आणि मग ताठ झाली, पूर्वी वकिलांसमोर व्हायची त्याहून ताठ.  पैसा आधी त्यांच्याकडे आला होता. मग त्यांनी तो देवाला दिला होता. आला तो लिहायला हवा होता. एवढी साधी गोष्ट, आणि ती बायकोने चौकटीतून सांगावी लागली.

"मी चुकनू," ते म्हणाले.

मला धसकाच बसला. चूक म्हणजे कचेरीचा कागद, कागद म्हणजे सुरत. झमकूबाईंच्याही ते लक्षात आलं असणार, कारण त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "मी बोलनूच नसतू ते बरं व्हतं." त्यांना घर सोडायचं नव्हतं. परब, रूपलीबाई, समोरची सिंधुबाई, देरासरची, म्हणजे जैन मंदिराची पायरी, हे सगळं सोडून तिसऱ्या मजल्यावर बसायच्या कल्पनेने त्यांचा जीव गोळा व्हायचा. आणि तरी त्या बोलल्या होत्या.

शेठनी फॉर्मबरोबर आलेली सूचनापत्रिका मागितली. झमकूबाईंनी ती पहिल्यापासून वाचायला घेतली. शेवटाकडे एक वाक्य आलं: भरलेल्या पत्रकात काही राहून गेलं आहे असं ध्यानात आल्यास, कचेरीने आकारणी करण्यापूर्वी सुधारलेलं पत्रक पाठवता येईल. त्यांनी ते पुन्हा वाचलं, आणि कोणी न सांगता तिसऱ्यांदाही वाचलं.

"पन पैज?" त्यांनी विचारलं.

"तठून कागद उना ते मी हारनू," शेठ धुळ्याच्या दिशेला हात करून म्हणाले. "आठून गया, ते कसाना हारनू?"

दुसऱ्या दिवशी नवं पत्रक तयार झालं. तेरा महिन्यांचं व्याज. सोबत चार ओळी, आधी का राहिलं ते सरळ लिहून. वाढलेला कर शेठनी घरखर्चातून काढून ठेवला. परबीच्या पैशाला हात लावला नाही. पुन्हा पोस्टात गेले. या वेळी लापशी झाली नाही, जांभईही नाही.

आठवड्याभरात लालचंद आला, आणि सोबत वकीलसाहेबांना घेऊनच आला. पायरी चढता चढताच बोलू लागला.

"बापूजी, तेरावा म्हैना कोठे गया? पेढीना कागदमा तेरा म्हैनानं व्याज लिखेल शे. तुम्हना कागदमा बारानं शे, आसं मायनी मांगली चिठ्ठीमा लिखेल व्हतं. आते कचेरी सोडी का?"

त्याने बरोबर पकडलं होतं. त्याच्या पेढीचा हिशेब सुरतेच्या कचेरीत, बापाचा धुळ्याच्या. दोन्ही एकमेकांसमोर आले की फरक दिसणारच. तो खरंच काळजीत होता, पण जिंकल्याचा आनंदही त्याला नीट लपवता येत नव्हता. आत जाऊन त्याने आईला पेट्या काढायला सांगितलं. जुनी लोखंडी पेटी फरफटत ओट्यावर आली. मी तिच्याकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, संपलं. आता पुन्हा माळा आणि उंदरीणबाई.

शेठनी वकीलसाहेबांना बसवलं. रीतीप्रमाणे मला त्यांच्याकडे सरकवलं. मग शांतपणे सांगितलं, की फरक आमच्या ध्यानात आला, आणि सुधारलेलं पत्रक गेलं.

वकीलसाहेब टेकता टेकता थांबले. "सुधारलेलं पत्रक पाठवता येतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं शेठजी?"

"फॉर्मसंगे आयेल कागदमा लिखेल शे."

"तो कागद वाचलात तुम्ही?" वकीलसाहेब मोठ्याने हसले, अगदी मोकळं. "माझ्याकडे इतके अशील येतात, तो कागद वाचलेला मी आजवर पाहिला नाही. बरोबर केलंत. मीही हेच केलं असतं." आणि ते माझ्यावर पूर्ण भार टाकून रेलले. माणूस दिलदार होता. इतकी वर्षं मी उगीच त्यांच्यावर रुसलो होतो.

लालचंद मात्र हटला नाही. कचेरीचं उत्तर येऊ दे, मग बघू, म्हणाला. पेटी ओट्यावरच राहिली. उन्हाळा संपला, पावसाळा आला, पेटीचा तळ गंजू लागला. उघडीप मिळाली की झमकूबाई तिच्यावर मिरच्या वाळत घालायच्या, पण आत न्या म्हणायच्या नाहीत. रोज पोस्टमन समोरून गेला की शेठच्या पाठीचे मणके मला मोजता आले असते, इतके ते वर यायचे.

पर्युषणात लालचंद पुन्हा घरी आला होता. सकाळी देरासरातून सगळे परतले आणि पोस्टमन पायरीपाशी थांबला. धुळ्याच्या कचेरीचा लखोटा.

"उना," लालचंद म्हणाला. हळूच म्हणाला, त्यालाही बरं वाटलं नसावं.

शेठनी हात पुढे केला नाही. "तूच वाच."

लालचंदने लखोटा फोडला. मनात वाचला. पुन्हा वरून वाचला. मग त्याने बापाने स्वतःजवळ ठेवलेली नक्कल मागितली आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. उत्पन्न तेवढंच. कर तेवढाच, आणे-पैशांसकट. सुधारलेलं पत्रक मान्य. चूक काढलेली एकही ओळ नाही. कर अमुक तारखेच्या आत भरावा, एवढंच.

"बापूजी," तो म्हणाला. मग तो वाकला आणि बापाच्या पाया पडला.

शेठची पाठ माझ्यावर आली. अख्खी. खांद्यापासून कमरेपर्यंत, कुठे गाठ नाही, कुठे ताण नाही. चाळीस वर्षं मी त्या पाठीखाली होतो आणि ती अशी मला कधी मिळाली नव्हती. मला इतका आनंद झाला की जमलं असतं तर मी शिवणीतून बाहेर आलो असतो.

"लालचंद," शेठ म्हणाले, "सुरतनं तिकीट एकच काढजो."

आत झमकूबाई हसल्या. अगदी मोठ्याने, समोर सिंधुबाईंना ऐकू जाईल इतक्या. मग बाहेर येऊन त्यांनी पेटीवरच्या मिरच्या सुपात भरल्या आणि लालचंदला म्हणाल्या, "हाई पेटी आते आत ने."

त्याने नेली, एकट्याने. जड होती, पण कोणी हात लावला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात फॉर्म पुन्हा आला. झमकूबाई सवयीने चौकट धरून उभ्या राहिल्या आणि वाचायला सुरुवात केली. शेठनी त्यांना थांबवलं.

"लालचंदनी माय, आठे बठ. हुबी ऱ्हाईसन कितला वरीस वाचशी?"

"गादीवर?"

"मंग काय पायरीवर?"

त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. मग पदर सावरून आल्या आणि बसल्या, आधी कडेला, शहाद्याच्या शेतकऱ्यासारख्या. शेठ बाजूला सरकले आणि मला त्यांच्यामागे दिलं. त्यांनी मला शिवलं होतं, उन्हात बडवलं होतं, माझे अभ्रे धुतले होते, उंदराने पाडलेलं भोक बुजवलं होतं. पण त्यांची पाठ कशी आहे, हे मला त्या दिवशी कळलं. लहानशी, थकलेली, आणि टेकायची मुळीच सवय नसलेली. तिला माझ्यावर विसावायला फॉर्मचं पहिलं पान संपावं लागलं.

आता मी जुना झालो आहे. एका बाजूला खचलो आहे, कापसाच्या गुठळ्या झाल्या आहेत, शाईचा ठिपका धुऊन धुऊन निळसर झाला आहे. पण ओट्यावर आहे, नंदुरबारात आहे. शेठ आडवे पडून ऐकतात, झमकूबाई टेकून वाचतात, आणि इन्कमटॅक्सचा फॉर्म दर वर्षी या घरातून वेळेवर जातो.

तुमच्याही घरी एखादा लोड असेल. त्याला कोण कोण टेकतं ते तुम्हाला ठाऊक आहे. माझी विनंती एवढीच, की त्याला कोण कधीच टेकलेलं नाही, ते एकदा बघा, आणि जरा सरका.